अर्जाशिवाय अकोला

"कोणाले इचारलं का?" घराबाहेर पाऊल टाकण्याआधी आमच्या रशियन वहिनी हमखास म्हणायच्या. निळे डोळे, गोरापान चेहरा आणि सासूकडून उचललेली अस्सल वऱ्हाडी. नवखा भाजीवाला भाव सांगायचंच विसरायचा.

त्यांचे यजमान माझ्यासोबत अमरावतीच्या कॉलेजात शिकवायचे. रशियात शिकायला गेले आणि पदवीबरोबर वहिनींना घेऊन आले. पहिल्याच महिन्यात चांदूर रेल्वेला एका लग्नाला जायचं होतं, तर बाई सकाळीच अर्ज लिहून ठाण्यात हजर! हवालदार म्हणाला, "बाई, लग्नाले जायले अर्ज नाई लागत, आहेर लागते." आम्ही पोट धरून हसलो. वहिनी हसल्या नाहीत.

कारण पुढे कळलं. तेव्हा त्यांच्या देशात राहतं गाव बदलायलाही सरकारी शिक्का लागे, आणि देश सोडणं म्हणजे तर सरकारची मेहरबानी. लग्न झालं म्हणून वहिनींना परवानगी मिळाली. धाकटा भाऊ शस्त्रांच्या कारखान्यात, त्याला दर वेळी नकार. कारणसुद्धा सांगत नसत. आमच्या त्या हसण्याची मला फार लाज वाटली.

नंतर ते सरकार पडलं, वाट मोकळी झाली. पण भाऊ अर्जच करेना. "पुन्हा नाही म्हणाले तर?" असं पत्रात लिहायचा. परत येऊ देतील की नाही, या धास्तीनं वहिनीही कधी तिकडे गेल्या नाहीत. चाळीस वर्षं भावाचं तोंड पाहिलं नव्हतं. शेवटी या हिवाळ्यात त्याच्या नातीनंच त्याचे कागद केले आणि म्हातारा आला.

चौथ्या दिवशी सकाळी गायब! वहिनी धावत माझ्या घरी आल्या. "त्याले पकडलं असन, भाऊजी." दुपारी फोन आला, एसटीच्या कंडक्टरचा. म्हाताऱ्याच्या खिशातल्या चिठ्ठीवर नंबर होता. "तुमचे पाहुणे अकोल्यात हायेत. चहा पिऊन राहिले."

गाडी काढून आम्ही अकोला गाठलं. म्हातारा बसस्टँडच्या बाकावर मजेत बसला होता. वहिनी त्याच्यावर त्यांच्या भाषेत ओरडल्या. तो शांतपणे काहीतरी बोलला, आणि त्या शेजारी मटकन बसून हसता हसता रडायला लागल्या.

"हा म्हणते, गाडी उभी दिसली, बसलो. कुठं चालला, कावून चालला म्हणून कोणी इचारलंच नाई."



काल अमरावतीच्या स्टँडवर दोघं एका बसमध्ये दिसले, म्हाताऱ्याला खिडकी दिलेली. "वहिनी, कुठं निघाल्या?" मी खालून विचारलं.

"मले काय मालूम, भाऊजी! गाडी जाईन तिकडं."