गगनबावड्याहून माघारी: डॅशबोर्डमधला आवाज आणि राहिलेला समुद्र

आईनं समुद्र कधी बघितलेला नव्हता. जुनी का असेना, दारात गाडी आली की पहिली मोठी फेरी देवगडला, हे मी ठरवून ठेवलं होतं. उजाडताच उचगावहून निघालो. आईनं भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि वाळूत बसायला सतरंजी घेतली होती.

रंकाळा मागं पडला आणि डॅशबोर्डमधून टक् असा आवाज आला. कळे गावापर्यंत रस्ता चांगला आहे, तरी आवाज थांबून थांबून येतच राहिला. तुमच्या गाडीत असं झालं तर आधी सुटं सामान काढा. मी चिल्लर, चष्म्याची डबी, पाण्याची बाटली, सगळं आईच्या पिशवीत टाकलं. मागचा जॅक सैल होता, त्याला फडकं गुंडाळलं. मग मी चालवायचं आणि आईनं एकेक जागा तळहातानं दाबून धरायची, असं साळवणपर्यंत चाललं. तिला आवाज ऐकूच येत नव्हता. ती एका हातानं डॅशबोर्ड दाबून बाहेरचा ऊस बघत होती.

गगनबावड्याच्या अलीकडं वळणं लागली. डावीकडं वळलो की टक्, उजवीकडं वळलो की टक्. स्टिअरिंगचंच काहीतरी निखळतंय, असं माझ्या मनानं घेतलं. गावात चहाला थांबलो. आल्याचा चहा झकास मिळतो. हॉटेलवाल्याला पुढचा उतार कसा आहे ते विचारलं आणि आवाजाचंही सांगितलं.

"पावणं, घाटात समद्याच गाड्या वाजत्यात. उतरा की निवांत."

आई म्हणाली, "वाजू दे की. तुला काय गाडीसंगं भेंड्या खेळायच्यात व्हय?"

घाटाच्या तोंडाशी धुकं होतं. मी गाडी उभी केली, खाली बघितलं आणि माघारी वळवली. भाकरी आम्ही साळवणला, रस्त्याकडेला सतरंजी टाकून खाल्ली.

दुसऱ्या दिवशी दारातच डॅशबोर्ड खोलला. समोरच्या काचेवर हवा सोडणारी नळी काढली, तर आतून खोबऱ्याचा तुकडा पडला, गुलालानं माखलेला. गाडी घेतल्यावर जोतिबाला नेली होती. आईनं गुलाल-खोबरं उधळलं तेव्हा गाडीची दारं उघडी होती. तुकडा काचेखालच्या फटीतून आत गेला आणि वळणावळणाला इकडून तिकडं गडगडत राहिला. सगळं परत बसवताना सांध्यांना फेल्टची, म्हणजे जाड मऊ कापडाची, पट्टी लावली.

तुम्ही जाणार असाल तर आदल्या दिवशी खडबडीत रस्त्यावर एक फेरी मारा, शंका असेल ते उघडून बघा, आणि मग घाट उतरा. एका दिवसात जाऊन येता येतं.

परत जाऊया का, असं आईला मी दोनदा विचारलं. "बघू की," एवढंच म्हणते. परवा तिला मावशीकडं गडमुडशिंगीला सोडायला निघालो. गाडीत आता काहीही वाजत नाही. गतिरोधक ओलांडला तशी तिनं दाराची मूठ धरली.

"हे कशाचं रं वाजलं?"

मी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं, पुन्हा सुरू केलं. काहीच वाजलेलं नव्हतं, तसं तिला सांगितलंही. गडमुडशिंगी येईपर्यंत तिनं मूठ सोडली नाही.