दुरुस्तीला ठेवलेल्या वस्तू

लग्न होऊन मी दौंडहून तळेगाव ढमढेऱ्याला आले तेव्हा सुरुवातीला मला दुपारची झोपच लागायची नाही. माहेर रेल्वेच्या क्वार्टरमधलं. उशाशी मालगाडी धडधडत गेली तरी मी कूस बदलत नसे. पण सासरच्या घराला लागून सुतारमेट होतं, म्हणजे माझ्या सासऱ्यांची सुतारकामाची जागा, आणि तिथली ठकठक निराळी होती. ती मध्येच थांबायची, कुणीतरी काही बोलायचं, बाकीचे हसायचे, की पुन्हा सुरू. हे सगळे आपल्यालाच हसतायत अशी माझी पक्की खात्री होती. नव्या सुनेला तसं वाटतंच.

सासऱ्यांना अख्खं गाव आबा म्हणायचं, मीही आबाच म्हणायला लागले. त्यांचं मेट म्हणजे कौलारू छप्पर, तीन बाजूंना भिंती, चौथी बाजू बाजाराच्या रस्त्याकडे उघडी. मधोमध जमिनीत अर्धा पुरलेला बाभळीचा ओंडका. त्यावर लाकूड टेकवून आबा वाकसानं तासायचे आणि ढलप्यांचा ढीग वाढत जायचा. आमच्या घरी आंघोळीचं पाणी त्याच ढलप्यांवर तापायचं. त्या धुराचा तुरट वास घरातल्या सगळ्यांच्या कपड्यांना लागायचा. माहेरी गेले की आई म्हणायची, "आली बाई सुताराची सून, दारातच कळलं." मला तेव्हा राग यायचा. आता तो वास कुठं मिळाला तर मी रस्त्यात थांबेन.

पेरणी जवळ आली की मेटात उभं राहायला जागा नसायची. जो तो आपली पाभर घेऊन यायचा. पाभर म्हणजे बैलानं ओढायचं पेरणीचं लाकडी अवजार, आणि ती दरवर्षी ठोकून-ठाकून नीट करून घ्यावी लागे. नंबर लागेपर्यंत माणसं भिंतीला टेकून बसत. कुणाच्या पोरीचं कुठं जमलं, सोसायटीच्या निवडणुकीत कोण कुणाला पाडणार, सगळं तिथं ठरायचं. चहा मात्र मी करायचा. "सूनबाई, आणखी चार कप," असा आवाज आला की मी स्वयंपाकघरात भांडी जरा जोरात आपटत असे. बाहेर ऐकू जायचं. आबा तेवढ्यापुरता वाकस थांबवायचे आणि पुन्हा सुरू करायचे, पण चहाची ऑर्डर काही मागं घ्यायचे नाहीत.

मग ट्रॅक्टर आले. गरज सरो, वैद्य मरो. पाभर लोखंडाची झाली, दारं-खिडक्या तयार मिळायला लागल्या. माझे यजमान कंपनीत लागले, थोरल्या दिरांनी, म्हणजे दादांनी, पाइप आणि मोटारींचं दुकान टाकलं. आबा मात्र सकाळी अंघोळ करून मेटात जाऊन बसायचेच. काम नव्हतं, पण वस्तू होत्या. लोकांनी दुरुस्तीला दिलेल्या आणि परत न नेलेल्या पाभरी, घागरी ठेवायच्या घडवंच्या, ताकाच्या रव्या, भिंतीतल्या दिवळीची दारं, बैलगाडीचं एक चाक. आबांनी त्या केव्हाच नीट करून ठेवल्या होत्या. न्यायला कुणी येत नव्हतं.

घराच्या वाटण्या झाल्या तेव्हा मेटाची जागा दादांच्या वाट्याला गेली. दादा काही वाईट माणूस नाही. रस्त्याला लागून अशी जागा, तिथं चार गाळे काढले तर पोरांची सोय होईल, हे त्यांचं म्हणणं कुणालाही पटलं असतं. मला नाही पटलं. ज्या जागेवर मी इतकी वर्षं चिडले होते, ती पाडायची म्हटल्यावर मीच आडवी आले. पुण्याच्या रस्त्यावर एका हॉटेलात बैलगाडीचं चाक दिवे लावून टांगलेलं मी पाहिलं होतं. मी दादांना म्हटलं, "आपण मेटात जुन्या वस्तूंचं दुकान काढू. मी चालवते."

दादा हसले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. म्हणाले, "दिवाळीपर्यंत चालवून दाव. न्हाई चाललं तर पाडायचं. मंग रडायचं न्हाई."

मी मेट झाडलं, वस्तू पुसून मांडल्या, रस्त्याकडं पाटी लावली. पहिलं गिऱ्हाईक आलं पुण्याचं, एका रवीसाठी. मी पिशवीत रवी घालणार तेवढ्यात आबा ओंडक्यावरून उठले.

"ती पाबळकराची हाय."

"आबा, ती इथं पडून किती वर्षं झाली?"

"पडून न्हाई. ठिवलीय. दुरुस्तीला दिल्याली वस्तू सुताराची हुती का? त्याला इचार, मंग इक."

गिऱ्हाईक गेलं. दुसऱ्या दिवशी मी आबांना स्कूटीवर मागं बसवून पाबळला निघाले. एका हातात काठी, दुसरा माझ्या खांद्यावर, आणि रस्त्यानं जो भेटेल त्याला रामराम. पाबळचा माणूस ओशाळला. "आबा, तुमी त्येच्यापायी एवढ्या लांब आलाव?" म्हणत त्यानं रवी आम्हालाच देऊन टाकली. मला वाटलं, झालं, रस्ता सापडला. पण कवठे येमाईला उलटंच झालं. तिथल्या एकाच्या वडलांची पाभर आमच्याकडं होती. वडील जाऊन बरीच वर्षं झालेली. आबांनी पाभर तयार आहे असं सांगितल्यावर तो माणूस ओट्यावर मटकन बसला आणि रडायलाच लागला. दोन दिवसांनी टेम्पो घेऊन आला, पाभरीला हळदकुंकू वाहिलं आणि घेऊन गेला. म्हणे टीव्हीशेजारी उभी केली आहे.

असं होत होत निम्मा माल आपापल्या घरी परत गेला. यजमान मला म्हणायचे, "तुझं दुकान हाय का हरवलं-सापडलं हापिस?" मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. ज्या वस्तू लोकांनी राजीखुशीनं दिल्या त्याच मी विकायची, आणि त्या फार नव्हत्या. दादा येता-जाता मेटाकडं बघायचे.

दिवाळी तोंडावर आली आणि पुण्याहून एक बाई आल्या. त्या कुठंतरी मोठं हॉटेल सजवत होत्या. मेटात फिरून म्हणाल्या, "हे सगळंच नेते मी. फक्त हा पाळणा हवाच. तो नसेल तर बाकीचंही नको." पाळणा कोपऱ्यात होता. लाकडी, चार दांड्यांवर पोपट कोरलेले, रंग उडालेला पण खणखणीत. दादा नेमके तिथं उभे होते. त्यांच्या तोंडावर मी पहिल्यांदा दुकानाविषयी जरा कौतुक पाहिलं. हा सौदा झाला तर मेट वाचेल, हे त्यांनाही कळलं आणि मलाही.

मी आबांकडं पाहिलं. आबा म्हणाले, "इचारल्याबिगार न्हाई."

पाळणा होता एका पिंजारणीचा. ती आणि तिचा नवरा पूर्वी बाजारतळाच्या मागं राहायचे, गाद्या भरायचे. मी या घरात यायच्या आधीच ते दौंडला निघून गेले होते. हॉटेलवाल्या बाईंनी चार दिवस थांबायचं कबूल केलं. मी माहेरी भावाला फोन लावला. दौंडात कुणी सापडलं नाही असं होत नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं पत्ता काढला.

आधी जीप, मग एसटी, असं करत आम्ही पोचलो. रेल्वे लाइनीच्या पलीकडं, अरुंद बोळात, पत्र्याचं नीटनेटकं घर. आत एक म्हातारी बाई भिंतीला टेकून बसलेली. तिच्या पुतण्याची सून झोळीत तान्ह्या बाळाला झोके देत होती. झोळी बघून माझा धीरच खचला. आता हिला या बाळासाठी पाळणा आठवणार, आणि घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं अशी माझी गत होणार.

म्हातारीनं आबांकडं निरखून पाहिलं. "सुतारमामा? तुमी हैत व्हय अजून?"

"हाय की. दिसतोय न्हवं तुला?"

दोघं हसले. चहा आला. आबांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "बाई, तुझा पाळणा तयार हाय. न्यायचा हाय का?"

तिनं झोळीकडं एकदा पाहिलं. मग म्हणाली, "मामा, खरं सांगा. त्येला मोडलं काय व्हतं?"

"काय बी न्हाई."

मी आबांकडं बघतच राहिले.

"दांड्या नीट, कड्या नीट," आबा म्हणाले. "तेल लावून ठिवला."

"मंग तवाच का बोलला न्हाईत?"

"तू म्हणलीस दुरुस्त करा. म्हणलं, हिला ठिवायचा हाय कुटंतरी. ऱ्हाऊ दे."

तिनं पदरानं डोळे पुसले आणि माझ्याकडं वळून सांगायला लागली. पाळणा तिच्या माहेरून आला होता. मुलगी झाली होती. चाळिसाव्या दिवसाचं न्हाणं व्हायच्या आतच ती गेली. पुन्हा मूल राहिलं नाही. "घरात ठिवला तर रोज दिसायचा. माहेरी धाडला तर अम्मीला दिसायचा. दुसऱ्याच्या लेकराला द्यायला हात हुईना. मंग एक दिवस मालकाला न सांगता डोक्यावर घेतला आन् मामाच्या मेटात नेऊन ठिवला."

मी तरीही विचारलं. विचारायलाच गेले होते. "एक बाई मागतायत तो. चांगल्या ठिकाणी जाईल."

"नको," ती म्हणाली. "लई वर्सं झाली, पर अजून तिकडं हाय, म्हणून मला हितं झोप लागती." मग तिनं आबांना विचारलं, "जागा हाय न्हवं मामा अजून?"

आबांनी तोंड उघडलं आणि मिटलं. जन्मात कुणाला खोटं न बोललेला माणूस. जागा आता त्यांची नव्हती, आणि दिवाळी तर आलीच होती. काय सांगणार? ते आपल्या हातांकडं बघत बसले. ते मला बघवेना.

"आहे," मी म्हटलं. "राहणार आहे."

परतीच्या एसटीत न्हावरं गाव मागं पडलं. मग आबा म्हणाले, "बोललीस खरी."

"बोलले."

"थोरला ऐकायचा न्हाई."

"बघू," मी म्हटलं.

तळेगावात उतरल्यावर आबांना घराकडं लावलं आणि मी तशीच, हातातल्या पिशवीसकट, दादांच्या दुकानात गेले. एक घाव दोन तुकडे. गिऱ्हाइकं उभी होती, त्यांच्यासमोरच सगळं सांगितलं. पाळणा विकायचा नाही, हॉटेलचा सौदा होणार नाही, आणि मेट पाडायचं नाही, मी शब्द देऊन आलेय.

दादांचा चेहरा लाल झाला. "शब्द द्याया जागा तुझी हाय का?"

"तुमची आहे. म्हणून तर तुमच्याकडं आलेय. त्या बाईनं पाळणा मेटात ठेवला तेव्हा जागा आबांची होती, आणि आबांनी तो ठेवून घेतला होता. आता तो रस्त्यावर आणायचा असेल तर तिला तसं सांगायला तुम्हीच जा."

दादा पाइपचा एक तुकडा हातात फिरवत राहिले. गिऱ्हाइकांनाही कुठं बघावं कळेना. मग दादा हळूच म्हणाले, "बाजारतळामागची गादीवाली का ती?"

"हो."

"कापसाच्या ढिगात उड्या मारू द्यायची मला. आई वरडायची, ती हसायची." त्यांनी पाइप खाली ठेवला. "म्या लई ल्हान व्हतो. कुणी काय सांगितलंच न्हाई की."

मग व्यवहारी माणूस जागा झाला. म्हणाले, "म्होरल्या मोकळ्या जागेत दोन गाळे काढणार. त्येच्यात बोलायचं न्हाई. मेटाला हात लावत न्हाई."

मी पिशवी सावरली आणि आबांना सांगायला घराकडं पळाले.

आता पुढं एक मोबाइलचं दुकान आहे आणि एक औषधं-खतांचं. दोन्हींच्या मधल्या बोळातून आत आलं की मेट. गिऱ्हाईक वाट चुकतं, मी बाहेर येऊन हाक मारते. थोडंफार विकलं जातं. हॉटेलवाल्या बाई पुन्हा आल्या नाहीत. दुकान म्हणावं असं काही ते राहिलं नाही, आणि मला त्याचं दुःखही नाही. दुपारी तिथं फार शांत असतं. पूर्वी ज्या ठकठकीनं झोप यायची नाही ती ऐकायला मी आता काहीही देईन.

आबा मागच्या थंडीत गेले. दहाव्याला गाव लोटलं होतं. दौंडची म्हातारी मात्र गर्दी ओसरल्यावर आली, पुतण्याचा हात धरून. दादांनी स्वतः तिला बोळातून आत आणलं आणि खुर्ची दिली, पण ती पाळण्याजवळ खालीच बसली. एका पोपटावरून बोट फिरवलं. रडली नाही. मीच रडत होते. जाताना तिनं माझा हात हातात घेतला आणि त्या मुलीचं नाव मला सांगितलं. म्हणाली, ते माहीत असलेलं आता दुसरं कुणी उरलेलं नाही.

ते नाव मी इथं लिहिणार नाही. ते तिनं माझ्याकडं ठेवायला दिलंय.