कोर्टभेटीची वही

पुण्यातल्या जुन्या विद्यापीठात मी कायद्याच्या शेवटच्या वर्षाला होतो. पण गावानं मला प्रवेश घेतल्याच्या दिवशीच वकील करून टाकलं होतं. चुलत्यांनी, म्हणजे आमच्या तात्यांनी, मंचरच्या टेलरकडून काळा कोट शिवून दिला. कॉलेजातल्या लुटुपुटूच्या खटल्यासाठी तो लागायचा. तात्यांच्या डोक्यात मात्र खरा खटला होता.

शेजाऱ्याच्या उसाला तोड आली होती आणि गाडी बाहेर काढायची वाट आमच्या शेताच्या कडेनं जायची. काहीतरी जुनं भांडण उकरून तात्यांनी वाटेवर बाभळीच्या काट्या टाकल्या. शेजारी तहसीलदारांकडे गेला.

सुनावणीच्या सकाळी तात्या म्हणाले, "कोट घालून नुसतं माझ्याशेजारी बसायचं. बोलायचं नाय."

"मला अजून सनद नाही, तात्या. तोतया वकील म्हणून धरलं तर मिळायच्या आधीच जाईल."

"कोटाला कोण इचारतंय, राव?"

खरं सांगायचं तर मलाही तो मिरवायचा होता.

घोडेगावच्या कचेरीत शेजाऱ्यानं मला पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला. "गाडीवाटंसाठी वकील आणला व्हय, तात्या?" तात्या मिशीत हसले. मीही कॉलर नीट केली.

तात्या तहसीलदारसाहेबांना सांगू लागले, "तिथं वाट कधी नव्हतीच." मला तर गप्प बसायचं होतं. कॉलेजचा नियम असा, की कोर्टकचेरीत बसून जे ऐकलं-पाहिलं ते कोर्टभेटीच्या वहीत खरंखरं लिहायचं. त्याला मार्क असायचे. मी वही काढली आणि मन लावून लिहीत बसलो.

"जाबदारांचे वकील, वकीलपत्र दाखल करा," साहेबांचा आवाज आला.

मान वर केली. सगळी कचेरी माझ्याकडे बघत होती.

"साहेब, मी वकील नाही."

"मग हा कोट?"

"विद्यार्थी आहे, साहेब. कोर्टभेटीची वही लिहायला आलोय."

"बघू वही."

आपण काय लिहिलंय ते मला तेव्हा आठवलं. दाखवली नाही तर मी तोतया, दाखवली तर तात्या संपले. मी वही छातीशी धरली.

"दाव की, घाबरतो कशाला?" असं म्हणून तात्यांनीच ती ओढली आणि साहेबांपुढे ठेवली.

साहेब मोठ्यानं वाचू लागले. "जाबदार म्हणतात, वाट नव्हती. प्रस्तुत विद्यार्थी चौथीपर्यंत याच वाटेनं, जाबदारांच्याच बैलगाडीत बसून शाळेत गेला आहे."

साहेबांनी वहीतून मान वर केली.

"गाडी तुमचीच का?"

तात्यांनी साहेबांकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. "व्हती," ते म्हणाले. "बैलबी चांगले व्हते."

साहेबांनी काट्या काढायचा हुकूम दिला, वहीवर सही केली आणि मला म्हणाले, "कोट काढून घरी जा."

एसटीत तात्या माझ्यापासून चार सीट लांब बसले. दुसऱ्या दिवशी एकट्यानंच काट्या उचलल्या. मी मदतीला गेलो तर म्हणाले, "वही लिही जा."

तिसऱ्या दिवशी चहाच्या टपरीमागून जाताना त्यांचा आवाज ऐकू आला. "साहेबानं दुसऱ्या कुणाचं ऐकलंच नाय. आमच्या वकिलाची वही वाचली आन निकाल दिला."

समोर शेजारी बशीतून चहा पीत होता. "नाय तर काय," तो म्हणाला.