अर्धी शिवलेली सीट

आमच्या कारखान्यात वर्षाला चाळीस गाड्या व्हायच्या. बुटक्या, जमिनीला टेकलेल्या, पाहताक्षणी वेगाची भीती वाटावी अशा. इटलीतल्या मोदेनाच्या उत्तरेला, नाशपातीच्या बागांमधल्या त्या शेडचा पत्ता शोधत जगभरची माणसं यायची. त्यांच्या ऑर्डरी माझ्याकडे असत आणि प्रत्येकाचा प्रश्न एकच असे, "माझी गाडी कधी?"

लोकांना वाटायचं, वेळ इंजिनाला लागतो. वेळ लागायचा तो चामड्याला. सीट, स्टिअरिंग, समोरचा डॅशबोर्ड, सगळं हातानं शिवलेलं, आणि शिवणाऱ्या दोघीच, नीवेस आणि मिर्का. आरीनं एकेक भोक पाडायचं, मेण लावलेल्या दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया आणि त्या समोरासमोरून काढायच्या. एकीनं सुरू केलेली सीट तिनंच पुरी करायची असा नियम होता, कारण दोरा ओढण्याची प्रत्येकीची ताकद निराळी. शिवाय मिर्का डावखुरी. तिचे टाके किंचित दुसरीकडं कलायचे.

सव्वीस वर्षं त्या एकाच बाकावर बसल्या. मिर्का सतत बोलायची. नीवेस क्वचितच.

"अगं, हूं तरी म्हण," मिर्का म्हणायची. "मी काय या चामड्याशी बोलतेय?"

"चामडं बरं. उलट उत्तर देत नाही."

दोन हजार बाराच्या मे महिन्यात आमच्याकडं भूकंप झाला. पहिला धक्का रविवारी पहाटे. गावात भिंतींना भेगा पडल्या, आम्ही आठवडाभर शाळेच्या मैदानात तंबूत राहून घरी परतलो. शेड तपासून घेतली, आणि नऊ दिवसांनी कामावर गेलो. त्या सकाळी नऊ वाजता दुसरा धक्का आला. चामड्याची व्हॅन आली म्हणून नीवेस अंगणात गेली होती. मिर्का बाकावर होती. मागची भिंत आत पडली.

आमच्यातली ती एकटीच गेली. तिच्यापुढची सीट मात्र धुळीखाली धड निघाली. अर्धी शिवलेली, दोन्ही सुया लोंबत होत्या.

मालक एर्मेस यांनी उन्हाळ्यातच शेजारी नवी शेड उभी केली. नीवेसनं आत पाऊल टाकलं नाही. "घरून शिवीन," म्हणाली. एर्मेसनी तिचा बाक तिच्या पडवीत नेऊन ठेवला, एका शब्दानं काही विचारलं नाही. ऑक्टोबरपासून गाड्या बाहेर पडू लागल्या. फक्त एकोणचाळीस नंबरची अडली. ती अर्धी सीट त्या गाडीची होती, आणि नीवेसनं ती चादरीत गुंडाळून कपाटात ठेवली होती.

"नवी शिव ना," एर्मेस म्हणाले. "ही राहू दे तुझ्याकडं."

"सीट कपाटात ठेवायला शिवत नाहीत. मिर्कानं ती गाडीसाठी शिवली."

"मग पुरी कर."

"नाही होत माझ्याच्यानं."

एकोणचाळीस नंबर होता ऑस्वाल्दो गिदोनी यांचा. क्रेमोनाचे. आयुष्यभर डुकरं पाळली, म्हातारपणी फार्म विकलं आणि ही गाडी सांगितली. महिन्याच्या पहिल्या सोमवारी त्यांचा फोन यायचा आणि मी खोटं बोलायची. चामडं यायचंय. रंग वाळतोय. एक तपासणी राहिली आहे.

"बाई," एकदा ते म्हणाले, "माझ्या पुढचा गाडी घेऊन गेला. माझ्या मागचे चार गेले. मी तुमचं काय घोडं मारलंय?"

फेब्रुवारीत ते स्वतःच आले. जुनाट व्हॅनमधून, गुडघा धरत उतरले. हात एवढे मोठे की माझं टेबल लहान दिसू लागलं.

"वीस महिने म्हणालात. अठ्ठावीस झाले. मी त्र्याहत्तर वर्षांचा आहे. आता पत्र नको, फोन नको. काय आहे ते तोंडावर सांगा."

फोनवर खोटं बोलणं सोपं होतं. मी कोट घातला आणि त्यांना नीवेसकडं घेऊन गेले.

ती पडवीत शेगडी लावून शिवत होती. मी म्हटलं, "नीवेस, हे एकोणचाळीस नंबर." तिनं सुया ठेवल्या, आत गेली आणि चादरीतली सीट आणून त्यांच्यापुढं बाकावर ठेवली. काय झालं ते मीच सांगितलं.

गिदोनींनी चष्मा लावला. शिवणीवरून बोट फिरवत गेले आणि जिथं ती संपत होती तिथं थांबले.

"इथपर्यंत त्यांनी?"

"हो."

मग नीवेसच बोलली, माझ्याकडं न बघता, त्या परक्या माणसाला. "ती मला सुनेचं काहीतरी सांगत होती. व्हॅनचा हॉर्न वाजला. मी म्हटलं, थांब, आलेच. पुढं काय ते राहूनच गेलं. रोज वाटतं, काय सांगत होती?"

मला वाटलं, आता ते धीराचं काही बोलतील. ते म्हणाले, "सुनेला विचारलंत?"

"नाही."

"का?"

"तिला कसं विचारू? ती तिची सासू होती. मी कोण?"

"सव्वीस वर्षं शेजारी बसलात, आणि मी कोण म्हणता?" त्यांनी चष्मा काढला. "हे बघा, सिन्योरा, नवी सीट मला नको. हीच बसवा. केव्हा आणि कुणी पुरी करायची ते तुमचं तुम्ही बघा. मी थांबतो. फक्त हे गुडघे अजून दोन वर्षं वाकतील. मग ती गाडी मला लांबून बघावी लागेल."

"टाके जुळणार नाहीत. तपासणीत नापास होईल."

"सीटवर आम्ही बसणार की तुमचा तपासनीस?"

नीवेसनं त्यांना वाइन आणि डुकराच्या मांसाच्या मॉर्टाडेलाचे काप दिले. त्यांनी एक काप तोंडात टाकला आणि म्हणाले, "डुक्कर चांगलं होतं." जाताना मला म्हणाले, "आणि तुम्ही, बाई, ते चामडं यायचंय वगैरे बंद करा."

पुढच्या रविवारी नीवेस मिर्काच्या सुनेकडं गेली. मला बरोबर नेलं. सून, साब्रिना, नव्या भाड्याच्या घरात अजून खोकी सोडवत होती. नीवेसनं उंबऱ्यातच विचारून टाकलं. साब्रिनानं हातातलं खोकं खाली ठेवलं.

"आदल्या संध्याकाळी आमचं पडद्यांवरून वाजलं होतं," ती म्हणाली. "मी म्हटलं, हे भडक पडदे माझ्या खोलीत नकोत. त्या दार आपटून गेल्या. तेच सांगत असणार. दुसरं काय?"

"पडदे?" नीवेस म्हणाली.

"हिरवे. फुलंफुलं होती." आणि साब्रिना रडायला लागली. "मी त्यांच्याशी नीट बोललेच नाही हो, सकाळी पण नाही."

नीवेसनं तिला जवळ घेतलं. स्वतः मिर्काच्या अंत्ययात्रेतही ती रडली नव्हती. त्या खोक्यांमध्ये दोघी बसून राहिल्या आणि मी आत जाऊन कॉफी ठेवली.

सोमवारी नीवेसनं चादर सोडली. दोन दिवसांचं काम, तिला अकरा दिवस लागले. मला संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर बोलावून घ्यायची.

"इथं बस आणि बोल."

"काय बोलू?"

"काहीही. गप्प राहू नकोस."

मी माझ्या बहिणीचं बोलले, दाढदुखीचं बोलले, एर्मेसच्या कुत्र्याचं बोलले. ती टोचत गेली, ओढत गेली. मिर्काच्या सुया तिनं सोडवून बाजूला ठेवल्या आणि नवीन सुया घेतल्या. जिथं मिर्काचा शेवटचा टाका होता, तिथं कल बदललेला स्पष्ट दिसत होता. एर्मेसनी त्यावरून अंगठा फिरवला, तपासनिसाला बाजूला केलं आणि कागदावर स्वतः सही केली.

एप्रिलमध्ये गिदोनी बायकोला घेऊन आले. ती आत बसताना म्हणाली, "देवा, ही गाडी की न्हाणीचा टब?" बसली ती त्याच सीटवर, चालकाशेजारी. निघताना त्यांनी विचारलं, "सिन्योरा कुठं आहेत?" मी सांगितलं, मिर्काच्या कबरीवर गेल्या आहेत, महिन्यातून एकदा साब्रिनाबरोबर जातात. त्यांनी मान हलवली आणि गाडी अगदी हळू फाटकाबाहेर काढली.

नवीन शेडमध्ये नीवेस कधीच आली नाही. पडवीतच तिनं दोन मुलींना शिकवलं, तीन वर्षं, आणि मग डोळे साथ देईनात म्हणून काम सोडलं. त्या काळात वाट बघण्याचा अवधी वीस महिन्यांवरून चाळीसवर गेला. मी पत्रांतून खरं कारण लिहू लागले : शिवणारी एकच आहे, घरी बसून शिवते, घाई करता येणार नाही. सात जणांनी ऑर्डर रद्द केली. एर्मेस पत्रं वाचून म्हणाले, "जाऊ देत." उरलेल्यांचे फोन येतच राहिले. मात्र त्यांतले बरेचजण आधी विचारायचे, "त्या बऱ्या आहेत ना?" आणि मग गाडीचं.