सव्वा तासाचा खेळ

आमचा गेम विक्रीला लागून नऊ दिवस झाले होते, तेव्हा पैसे परत मागणाऱ्यांनी दिलेली कारणं मी पहिल्यांदा नीट वाचली. ज्या ऑनलाइन दुकानातून आम्ही तो विकत होतो, त्याचा नियम सोपा होता. गेम दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत, कारण काहीही चालेल. आमचा गेम सव्वा तासात संपायचा. एकाने लिहिलं होतं, "फार सुंदर. शेवटी रडलो. पूर्ण झाला, म्हणून परत करतोय."

मी ते अण्णांना वाचून दाखवलं. अण्णा निपाणीचे, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे. बंगळुरूत बेळ्ळंदूरच्या एका कंपनीत आमची टेबलं शेजारी होती. मी कोड लिहायचे, ते चित्रं काढायचे. एकाच महिन्यात दोघांनी नोकरी सोडली आणि बसवनगुडीतल्या त्यांच्या भाड्याच्या घरात, पुढच्या खोलीत बसून दोन वर्षं हा गेम केला.

गोष्ट त्यांच्याच घरातली. त्यांचे वडील शिंपी होते. ते गेले तेव्हा दुकानात अकरा कपडे शिवून तयार होते, पण न्यायला कोणी आलं नव्हतं. अण्णांनी ते सायकलवरून घरोघर पोचवले. गेममध्ये खेळणाऱ्यानं तेवढंच करायचं. अकरा कपडे, अकरा दारं. एका घरी ब्लाउज न्यावा तर ती बाईच उरलेली नाही, एका घरी शर्ट पोराला आखूड झालेला.

परतावे वाढले तसं ऑनलाइन दुकानात आमचं पान लोकांना दिसणंही कमी झालं. दोन्हींचा संबंध होता का, ते कळायला मार्ग नव्हता. विचारणा केली तर आभार मानणारं ठरावीक उत्तर आलं.

"पाऊण तास वाढवूया की," अण्णा म्हणाले. "गल्ल्या लांब करू. पत्ता चुकला, फिरा माघारी. स्वल्प फिरवायचं लोकांना."

"उगाच पाणी घालायचं?"

"दूध संपत आलं की घालावंच लागतंय."

मी नाही म्हटलं. मला वाटलं, विषय संपला.

पुढच्या आठवड्यात आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मी पुण्याला गेले. दवाखान्यात बाकावर बसून फोन बघत होते, तर एका खेळणाऱ्याचा नवा अभिप्राय दिसला. 'मधल्या गल्ल्यांत कंटाळा आला. गोष्ट कुठे गेली?' आमच्या गेममध्ये मधल्या गल्ल्या नव्हत्याच. घरी येऊन लॅपटॉप उघडला. अण्णांनी परस्पर नवी आवृत्ती चढवली होती. तीन लांबलचक गल्ल्या, चुकीचे घरनंबर, वाट अडवणारं एक कुत्रं. चित्रं इतकी देखणी की माझा राग आणखीच वाढला. आणि परत मागणारे खरोखरच कमी झाले होते.

बंगळुरूला उतरले ती बॅग घेऊन थेट बसवनगुडीत. सकाळी ते कोपऱ्यावरच्या हॉटेलात उभ्यानं कॉफी घेतात, हे मला माहीत होतं.

"मला विचारलं का नाहीत?"

"विचारलं होतं. तू नको म्हटलीस."

"मग?"

"मग काय? हे घर बायकोच्या पगारावर चाललंय दोन वर्षं. आकडे बघितलीस का तू?"

"बघितले. पण तुमच्या वडिलांची गोष्ट आहे ती, अण्णा. तिचं हे काय करून ठेवलंत?"

त्यांनी कप खाली ठेवला. "बाप माझा होता. तू नको भांडू त्याच्या वतीनं."

टेबल पुसायला आलेला माणूस "स्वल्प जागा बिडी" म्हणाला, म्हणजे जरा जागा सोडा. आम्ही दोघं कप उचलून बाजूला झालो. त्याचं पुसून झाल्यावर मी परत टेबलाशी गेले नाही. कप तिथेच काउंटरवर ठेवला आणि निघाले.

चार दिवस आमचं बोलणं नव्हतं. ऑनलाइन दुकानातलं खातं माझ्या नावावर होतं, पासवर्ड दोघांकडे. जुनी आवृत्ती परत आणायला एक बटण पुरेसं होतं. रोज मी ते पान उघडायचे, बघायचे आणि बंद करायचे. पाचव्या दिवशी मीच त्यांच्या घरी गेले आणि म्हणाले, "अण्णा, माझ्यासमोर एकदा खेळा. सुरुवातीपासून."

ते खेळायला बसले. मी मागे खुर्चीत. पहिली चार घरं नेहमीसारखी, ओठ घट्ट मिटून. मग गल्ल्या आल्या. पहिल्या गल्लीत ते माघारी फिरले, दुसरीत कुत्र्यापाशी अडकले. तिसरीत 'च्' केलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. आपण काय केलं ते त्यांच्या लगेच लक्षात आलं असावं. हात की-बोर्डवर तसेच राहिले.

"काढ," ते म्हणाले.

"परत मागणारे वाढतील."

"वाढू देत. काढ म्हटलं ना."

वाढलेच. आम्ही किंमत कमी केली, पानावर अगदी वरच 'हा गेम सव्वा तासाचा आहे' असं लिहिलं. थोडा फरक पडला, पण दोन घरं चालावीत एवढा नाही. अण्णा सर्जापूर रोडवरच्या एका मोबाईल गेमच्या कंपनीत लागले. तिथे ते सोन्याच्या नाण्यांच्या पेट्या रंगवतात. मी पुन्हा बेळ्ळंदूरला.

मध्यंतरी त्यांच्याकडे जेवायला गेले होते. परत निघताना ते बसस्टॉपपर्यंत सोबत आले.

"खातं तर तुझंच होतं," ते म्हणाले. "त्या चार दिवसांत तूच का काढलं नाहीस?"

"तुम्ही परत कधी बोलला नसतात."

त्यांनी जरा विचार केला. "नसतोच बोललो," म्हणाले, आणि येणाऱ्या बसला हात केला.