पेडणेकर सरांच्या हातात माईक

आम्ही मुलुंडचे जुने टेनिसवाले भेटलो की पेडणेकर सरांचा विषय निघतोच. एकानं किस्सा सांगितला की दुसऱ्याला दोन आठवतात. आणि प्रत्येक किश्शात आमची तंतरलेलीच असते!

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. सर स्वतः राज्य पातळीवर खेळलेले. शॉट साधेच, डोकं मात्र भन्नाट. क्लबच्या लाल मातीच्या कोर्टवर ते आम्हाला शिकवायचे. कधी ओरडले नाहीत हो! नुसते बघायचे. त्या बघण्याचीच भीती.

*

एकदा प्रॅक्टिसआधी मी नाक्यावर दोन वडापाव हाणले. तोंड नीट पुसून आलो होतो, शपथ! कोर्टवर जेमतेम चार पावलं धावलो, तर सर म्हणाले, "एक पुरला असता रे!"

*

माझा डबल्सचा पार्टनर नित्या. आपली सर्व्हिस कुठे जाणार ते कोणाच्या बापाला कळत नाही, असं त्याला वाटायचं. सर त्याच्याकडे पाठ करून बाकावर बसले.

"मार."

नित्यानं बॉल तीनदा आपटला. सर म्हणाले, "बॅकहँडला." मग दोनदाच आपटला. "फोरहँडला." सहाच्या सहा बरोबर! नित्या रडकुंडीला आला.

"अरे, मला नुसत्या आवाजावरून कळतंय. समोरच्याला तर डोळे पण असतात!"

*

क्लबच्या टूर्नामेंटला भोंग्यावर कॉमेंट्रीही सरच करायचे. गेम संपला की बोलायचे, आणि दिसेल ते सगळं बोलायचे! एकदा सेक्रेटरींचे जावई खेळत होते. सर म्हणाले, "ह्यांचे पाय गेलेत. आता एक ड्रॉप शॉट, की संपलं!" समोरच्यानं लगेच मारला. जावई आडवे! तेव्हापासून सर माईककडे वळले की खेळणारा आधी देवाचं नाव घ्यायचा.

*

आणि माझी फायनल. बाबांची मिल बंद पडलेली. जिंकलो तर बँकेत स्पोर्ट्स कोट्यातून नोकरी, त्यासाठी तिथले साहेब स्वतः बघायला आलेले. समोर अंधेरीचा सेल्विन. आणि माझा खांदा पंधरा दिवसांपासून कामातून गेलेला! सरांना सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर त्यांनी खेळूच दिलं नसतं.

तिसऱ्या सेटला पाच-चार, माझी सर्व्हिस. कसेबसे चाळीस-तीस झाले. मॅच पॉइंट! पण हात वरच जाईना. तेवढ्यात गेम संपायच्या आधीच सरांनी माईक उचलला.

मी मनातल्या मनात हात जोडले. सर, प्लीज, आज नको!

"मंडळी, सांभाळून! आज ह्याचा खांदा नुसता पेटलाय. आता अशी सर्व्हिस येईल की समोरच्याची रॅकेट उडेल!"

पाहतो तर सेल्विन चार पावलं मागे सरकलेला. मी जीव मुठीत धरून बॉल खालूनच, नेटच्या पलीकडे अलगद टाकला. तो धावत पुढे येईस्तोवर दुसरा टप्पा पडला होता.

बँकेचे साहेब उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. मी मात्र सरांकडे बघायलाही घाबरत होतो. सेल्विननं रॅकेट आपटली.

"सर, तुम्हीच तर बोललात ना!"

भोंगा पुन्हा खरखरला. "बाळा, कॉमेंट्री लोकांसाठी असते. खेळणाऱ्यानं ऐकायची नसते!"