व्हर्नाने बाद केलेल्या बरण्या

मोंटानातल्या आमच्या गावात व्हर्ना टोलेफसनइतकं नियमाला चिकटलेलं माणूस दुसरं नाही. ऑगस्टच्या जत्रेत लोणच्या-मुरांब्यांची परीक्षक म्हणून तिने एकतीस वर्षं काढली. बरणी वरून अर्धं बोट रिकामी हवी, झाकणाला गंज नको. सख्ख्या बहिणीची बरणी तिने बाद केली, आणि सरकारी वकील ग्रँट हल्व्हर्सनच्या आईचं काकडीचं लोणचं तर सलग तीनदा. त्या म्हातारीने मरेपर्यंत तिच्याशी अबोला धरला.

म्हणूनच डेल प्रुइटच्या खटल्यात ज्यूरी, म्हणजे निकाल देणारे बारा गावकरी, निवडताना व्हर्नाला बघून ग्रँटला देवच पावल्यासारखं झालं. "कायदा पटला नाही तरी पाळाल ना?" हे त्याने आम्हा अकरा जणांना विचारलं. तिला विचारलंच नाही.

डेलने तळघरात गांजाची सहा झाडं लावली होती. बायको ऱ्होडा कर्करोगाने अंथरुणाला खिळलेली, आणि त्या धुराशिवाय तिच्या पोटात सूपसुद्धा टिकत नव्हतं. दोषी ठरला तर डेल दहा वर्षं आत. ऱ्होडाच्या हातात जेमतेम उन्हाळा होता. शिक्षेचा विचार करू नका, असं न्यायाधीशांनी बजावलं होतं. लहान गावात असं बजावून काय होतं?

ज्यूरीच्या खोलीचं दार लागल्यावर मीच आधी तोंड उघडलं. ट्रॅक्टर दुरुस्त करणारा माणूस मी, मला आडवळण कळत नाही. "झाडं काय आपोआप उगवली?"

"नाही रे बाबा, त्यानेच लावली," व्हर्ना म्हणाली.

"मग? नियम म्हणजे नियम, हे तूच म्हणतेस ना जन्मभर?"

"म्हणते. पण मी बरणी बाद करते, लेस्टर, बाई नाही. तुझ्या बायकोचा मुरांबा पातळ झाला म्हणून तिला दहा वर्षं कोंडली का मी?"

"कोंडली असतीस तर लेस्टरने मिठी मारली असती तुला!" मागून कोणीतरी म्हणालं.

व्हर्ना हसली नाही. "आपण 'निर्दोष' म्हणालो, तर का म्हणालो हे विचारायचा हक्क न्यायाधीशालाही नाही. नुसता ठप्पाच मारायचा तर बारा माणसं कशाला बसवतात?"

मला रागच आला. पण चार वाजता 'निर्दोष'साठी मीही हात वर केला, सगळ्यांत शेवटी.

ग्रँटचा चेहरा पडला. त्याच्या मागणीवरून न्यायाधीशांनी एकेकाला विचारलं, हा निकाल तुमचाच का? "हो, माझाच," व्हर्ना बक्षीस जाहीर करावं तशी म्हणाली. बाहेर ग्रँटने तिला गाठलं. "तू तर नियमवाली ना गं?"

"तू विचारलंच नाहीस."

ऱ्होडा जुलैअखेर गेली, स्वतःच्या पलंगावर, डेलचा हात धरून. त्याआधी आठवडाभर तिने पडल्या पडल्या सांगत त्याच्याकडून चेरीचा मुरांबा करून घेतला होता. ती बरणी डेलने जत्रेत आणली. व्हर्नाने झाकण फिरवलं. आतल्या कडेला गंज.

"बाद," व्हर्ना म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.

डेल हसायला लागला, रडता रडता. "ऱ्होडा म्हणालीच होती, तू सोडायची नाहीस."